मे महिना, छोटी धावपट्टी आणि किंग एअर बी-२००

काळीमाती

राम राम मंडळी. गाव आर्वीकडचं, नोकरी नागपुरात, किंग एअर बी-२०० या दोन इंजिनांच्या पंख्याच्या विमानावर को-पायलट. कंपनीचं नाव विचारू नये, सांगणार नाही.

विषय असा. उन्हाळ्यात आमच्या फेऱ्या अकोला, यवतमाळ, क्वचित गोंदिया अशा होतात. नागपूर सोडलं की इंधनाची बोंब, म्हणून परतीचं किंवा पुढे मुंबईपर्यंतचं इंधन नागपूरच्या सोनेगाव विमानतळावरूनच भरून न्यावं लागतं. आमच्याकडे दोन कॅप्टन आहेत. दोघेही मुरलेले, दोघेही माणूस म्हणून भले. एक म्हणतात, "भर टाक्या, इंधन असलेलं बरं." दुसरे लोडशीटवर, म्हणजे वजनाच्या तक्त्यावर, पेन्सिल घेऊन बसतात आणि एक बॅग वाढली तरी भुवई वर करतात. विमान तेच, धावपट्टी तीच, ऊन तेच आणि कायदे दोन.

मॅन्युअल वाचलंय, आलेखांवर पट्टी ठेवून रेघाही मारल्यात. ज्यांनी मे महिन्यात दुपारी दोन वाजता अकोल्याच्या, म्हणजे शिवणीच्या, चौदाशे मीटर धावपट्टीवरून हे विमान उचललंय, त्यांच्याकडून ऐकायचंय. नेमकं भ्यायचं कशाला?

सोनेगाव_बत्तीस

धावपट्टीच्या लांबीला भिऊ नका. आधी हेच सांगतो, कारण सगळे तिथेच अडकतात. चौदाशे मीटर म्हणजे जवळपास ४,६०० फूट. दोन्ही इंजिनं धड असताना बी-२०० तेवढ्यात उचलतं आणि पुढे डांबर उरतं. ते उरलेलं डांबर पाहूनच माणूस निर्धास्त होतो.

हिशेब मांडू. अकोला समुद्रसपाटीपासून साधारण हजार फूट. मे महिन्यात दुपारी क्यूएनएच (समुद्रसपाटीच्या हिशेबातला हवेचा दाब) १००३ च्या आसपास उतरलेला असतो, म्हणजे प्रेशर अल्टिट्यूड (दाबावरून काढलेली उंची) तेराशे फुटांच्या घरात. त्या उंचीचं प्रमाण तापमान साडेबारा अंश. बाहेर ४५. फरक साडेबत्तीस अंशांचा. दर अंशाला १२० फूट धरले की वर आणखी ३,९०० फूट. झाली डेन्सिटी अल्टिट्यूड, म्हणजे हवेच्या विरळपणामुळे विमानाला जाणवणारी उंची, ५,२०० फूट. चिखलदरा आहे ३,६६८ फुटांवर. म्हणजे विमानाच्या लेखी तुम्ही चिखलदऱ्याच्याही दीड हजार फूट वर उभे आहात, आणि ते डोक्यावर फटका बांधलेल्या माणसांच्या गावात!

आता परिणाम पाहा. स्पीड इंडिकेटरवर ९५ नॉटला नाक उचललं, तरी जमिनीवरचा खरा वेग १०३ च्या आसपास असतो. त्याच क्षणी टेकऑफ सोडायचं ठरवलं तर ब्रेकांना थंड दिवसापेक्षा १७ टक्के जास्त ऊर्जा पचवावी लागते. हे झालं जमिनीवरचं.

खरी भीती त्यानंतरच्या दीड मिनिटाची. बी-२०० चं कमाल टेकऑफ वजन १२,५०० पौंड, म्हणजे ५,६७० किलो. विमान 'नॉर्मल कॅटेगरी'त प्रमाणित आहे. या वर्गात एक इंजिन धावपट्टीवर बंद पडल्यावर उरलेल्या इंजिनावर उड्डाण पूर्ण होईलच, अशी हमी निर्मात्याने द्यावी असं बंधन नाही. आलेख दिलेत, ते वाचून निर्णय तुमचा. त्याचा मोठा भाऊ ३५०, १५,००० पौंडांचा, 'कम्यूटर'मध्ये येतो; तिथे ही हमी बांधलेली आहे. हा फरक बऱ्याच जणांना रेटिंग झाल्यावरही ठाऊक नसतो.

उदाहरणापुरतं धरा की एका इंजिनावर मिनिटाला तीनशे फूट चढाई मिळाली. निळ्या रेघेवर, म्हणजे एका इंजिनावर सर्वात चांगली चढाई देणाऱ्या वेगाला, १२१ नॉटला. त्या हवेत खरा वेग १३१. म्हणजे एक नॉटिकल मैल पुढे गेल्यावर तुम्ही जेमतेम १३७ फूट चढलेले असता. आता डोळे मिटून धावपट्टीच्या टोकापुढे काय काय आहे ते आठवा. हाय टेन्शनची लाइन कुठे आहे? मोबाइलचा टॉवर? आणि हे तीनशे सुद्धा केव्हा, तर चाकं आत, बंद पंखा फेदर (पाती वाऱ्याला कडेने वळवलेली), चालू इंजिनाकडे थोडा कल आणि वेग नेमका. ऑटोफेदर (पाती आपोआप वळवणारी यंत्रणा) चालू करून ठेवलेलं नसेल आणि मेलेला पंखा वाऱ्यावर फिरत राहिला तर चढाई विसरा.

तेव्हा तुमच्या पेन्सिलवाल्या कॅप्टनना माझा नमस्कार सांगा.

खारीक_बदाम

वाचतोय. मी वैमानिक नाही, मूर्तिजापूरला मेडिकलचं दुकान आहे. एक बाळबोध शंका. पंख्याचं विमान म्हणजे जुन्या काळचं ना? मोठी माणसं जेट सोडून यात कशाला बसतात?

एएमई_काका

पंखा दिसतो म्हणून जुनं समजू नका. आत टर्बाइनच आहे, जेटसारखं. फक्त त्याची ताकद धुराड्यातून ढकलण्याऐवजी गिअरबॉक्समार्फत पंख्याला दिलेली. या विमानाचं इंजिन प्रॅट अँड व्हिटनी कॅनडाचं पीटी६. हे पहिल्यांदा १९६३ च्या डिसेंबरात ग्राहकाला मिळालं, पहिलं किंग एअर १९६४ चं, आणि २०० मालिका १९७३ ला प्रमाणित झाली. त्यातलं पीटी६ए-४२, प्रत्येकी ८५० अश्वशक्ती. गंमत म्हणजे हवा इंजिनाच्या मागच्या अंगाने आत शिरते आणि पुढे पंख्याजवळच्या दोन नळ्यांतून बाहेर पडते. उलटं बसवलंय असंच वाटतं.

जेटला लांब धावपट्टी लागते आणि खालच्या उंचीवर ते इंधन ढोसतं. नागपूर-अकोला अंतर पस्तीस मिनिटांचं. एवढ्यासाठी जेट उंचीवर पोचायच्या आत उतरायला लागेल. म्हणून आपल्या भागात हेच.

आता धागाकर्त्याला. कॅप्टन लोक हवेतलं सांगतात, मी जमिनीवरचं सांगतो. उन्हाळ्यात इंजिनाची वाट लागते ती सुरू करताना. विमान दोन तास उन्हात उभं, बॅटरी उजव्या पंखात तापलेली, जीपीयू (बाहेरून वीज देणारं यंत्र) कुठे नाही, आणि बाहेर साहेब गाडीत बसून घड्याळ बघतात. अशा वेळी बॅटरीचा व्होल्टेज न बघता स्टार्टर दाबला जातो. एन-वन (इंजिनाच्या आतल्या चक्राचा वेग) निदान १२ टक्क्यांवर स्थिरावल्याशिवाय कंडिशन लिव्हर (इंधन सोडायचा दांडा) पुढे करायचा नाही, हे सगळ्यांना पाठ असतं. पण सुई दहा-अकरावर रेंगाळली की हात आपोआप पुढे जातो. हवा कमी, इंधन पूर्ण. आयटीटी (टर्बाइनमधलं तापमान) हजार अंशांकडे धावते. सुरू करताना हजाराला फक्त पाच सेकंदांची मुभा आहे. सहावं सेकंद आमच्या खिशातून जातं. मागून वारा असेल तर आणखी वाईट, म्हणून उभं करतानाच तोंड वाऱ्याकडे ठेवा.

आणि एकदा नाही झालं तर स्टार्टरला दम घेऊ द्या. चाळीस सेकंद चालू, साठ बंद. पुन्हा चाळीस, साठ. तिसऱ्यांदा चाळीस झाले की अर्धा तास हात लावायचा नाही. साहेब गाडीत असले तरी.

पट्टीशेजारी

राजेहो, मी काई पायलट नाई. आमचं वावर एका पट्टीच्या कुंपनाले लागून हाये, कोनती ते नाई सांगत. कुंपन म्हंजे नावाले, चार जागी पडलं हाये.

तुमी वरतून पाह्यता, आमी खालून पाह्यतो. म्हून सांगतो. दुपारी बारा ते तीन तुमाले पट्टी खाली दिसते, कारन गुरं सावलीत बसलेली असतात. चारनंतर सारीच्या सारी पट्टीवर. डांबराच्या कडेनं पानी साचते तिथंच हिरवं गवत राह्यते, त्याच्यासाठी. संध्याकाळी रोही, म्हंजे नीलगाय, येते, ते तर एकटं नाई येत, सात-आठचा कळप. रानडुकरं रातची. दिवाळीनंतर सोयाबीन अन् मंग तूर वाळू घालतात लोकं, एवढं सपाट अंगन दुसरं कुठी भेटते? दोन वर्साआधी एक पांढरं इमान आलं, खालून गेलं, पट्टीवरून गर्जत गेलं, आमी समजलो गेलं बाप्पा. पाच मिनटानं मंग उतरलं. त्या आधीच्या फेरीत पट्टी पाहून राह्यला होता म्हने. तसं करत जा. चौकीदाराच्या फोनवर इसवास नका ठेऊ, तो जेवाले गेलेला असते.

आनखी एक. तुमचा पंखा उलटा फिरते तवा जो धुरळा उठते तो अर्धा किलोमीटर माह्या कपाशीवर बसते.

सोनेगाव_बत्तीस

पट्टीशेजारी भाऊ, तुमचा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यात कामाचा. पहिली फेरी पाहणीची, हे माझ्या मते अशा पट्ट्यांवर सवयीनेच व्हायला हवं. तेवढं इंधन धरायचं.

एएमई_काका

पंखा उलटा फिरत नाही हो भाऊ, पात्यांचा कोन उलटतो. पण धुरळा खराच. आणि तो धुरळा तुमच्या कपाशीवर बसतो त्याआधी माझ्या इंजिनात जातो.

रिव्हर्स (उतरल्यावर पात्यांचा कोन उलटवून थांबवणं) ४० नॉटच्या वर असतानाच काढून घ्या. वेग कमी झाला की स्वतःच उडवलेली धूळ आणि खडी पंखा पुढून ओढून घेतो. सकाळी पात्याच्या पुढच्या कडेवरून नख फिरवून पाहावं: टोकापासून वीतभर आत खरखर लागते, मध्येच नख अडकतं. ते अडकलेलं ठिकाण म्हणजे खड्याने उडालेला टवका. मर्यादेतला असला तर कानशीने घासून गोल करायचा, नाही तर पातं उतरवायचं. तेही न करता उडत राहिलात तर त्या टवक्यातून भेग चालू होते.

टॅक्सी करताना धुळीच्या जागी आइस व्हेन बाहेर काढून ठेवा. नाव बर्फाचं असलं तरी काम एकच: आत येणाऱ्या हवेला वळण द्यायचं, जड कण सरळ बाहेर जावेत. फक्त टेकऑफच्या आधी आत घ्यायला विसरू नका. बाहेर राहिल्या तर टॉर्क (पंख्याला मिळणारी ताकद) कमी आणि आयटीटी जास्त, आणि मे महिन्यात आयटीटीची ८०० ची लाल रेघ तशीही दारात उभी असते.

गगनभरारी

मी वैद्यकीय उड्डाणं करते, आधी किंग एअरचंच धाकटं सी-९०, आता बी-२००. काकांच्या प्रत्येक वाक्याला +१.

केबिनच्या उन्हाबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. विदर्भात एप्रिल-मेमध्ये बंद विमानात शिरलं की सीटबेल्टची कडी हाताला चटका देते. आपण सहन करू. स्ट्रेचरवरचा रुग्ण, त्याचं व्हेंटिलेटर, इन्फ्युजन पंप यांना ते चालत नाही. बी-२०० चा एसी कॉम्प्रेसर उजव्या इंजिनावर आहे आणि एन-वन बासष्टच्या वर असेल तरच तो धरतो. म्हणून उजवं आधी सुरू, कंडिशन लिव्हर थोडा वर, आणि ब्लीड एअर 'एन्व्हायर ऑफ'. इंजिनातून येणारी गरम हवा बंद केली की केबिन खरोखर लवकर गार होते. पुस्तकातही हे दिलंय.

आणि इथेच सापळा आहे. ते स्विच पुन्हा चालू करायचे राहिले तर विमानात दाब भरतच नाही. ४ सप्टेंबर २००० रोजी ऑस्ट्रेलियात पर्थहून लिओनोराला निघालेलं किंग एअर २०० आपलं ठिकाण ओलांडून सरळ उडत राहिलं आणि इंधन संपल्यावर क्वीन्सलंडमध्ये बर्कटाउनजवळ पडलं. आठही जण गेले. दाब का नव्हता हे शेवटपर्यंत पक्कं ठरलं नाही, पण तपासाचा रोख ऑक्सिजनच्या कमतरतेकडे होता. मी दहा हजार फूट ओलांडताना केबिन अल्टिट्यूडचा आकडा मोठ्याने वाचते. को-पायलटला हसू आलं तरी वाचते.

अजून एक, चेकलिस्ट घाईत उरकणाऱ्यांसाठी: २१ फेब्रुवारी २०१७, मेलबर्नचं एसेंडन. बी-२०० चं रडर ट्रिम (शेपटीच्या सुकाणूची जुळणी) पूर्ण डावीकडे राहिलेलं, टेकऑफनंतर काही सेकंदांत विमान शेजारच्या मॉलवर. पाच मृत्यू. इंजिनं दोन्ही ठणठणीत होती.

काळीमाती

ताई, हे दोन्ही किस्से माहीत नव्हते. ट्रिमचं वाचून अंगावर काटा आला, आमच्याकडे ट्रिमचं चाक कुठे आहे तेवढं बघून "सेट" म्हणतात.

इथल्यांना आठवत असेल, ६ मे २०२१ ला नागपूरहून रुग्ण घेऊन निघालेल्या सी-९० चं चाक टेकऑफलाच निखळून सोनेगावच्या धावपट्टीवर पडलं होतं. हैदराबादला जायचं ते मुंबईला वळलं आणि फेसावर पोट टेकून उतरलं, पाचही जण सुखरूप. आमच्या हँगरमध्ये अजून त्यावर गप्पा होतात.

आता माझा खरा हिशेब टाकतो, चुकत असेल तर झोडा. रिकामं विमान ८,५०० पौंड धरा, आम्ही दोघं ३६०. अकोल्याला सहा माणसं चढणार, सामानासकट प्रत्येकी २००, म्हणजे १,२००. इंधनाशिवाय एकूण १०,०६०. मर्यादा ११,०००, ठीक. नागपूर-अकोला ४५०, अकोला-मुंबई ८००, वर पर्यायी विमानतळ आणि राखीव मिळून ७५०. एकूण २,०००. नागपुरातून निघताना १०,८६०, अकोल्याहून निघताना ११,६१०. कमाल वजनापेक्षा ९०० ने कमी.

टाक्या पूर्ण भरल्या तर ३,६४५. मग अकोल्याहून निघायचं वजन तेरा हजारांवर जातं, म्हणजे "भर टाक्या" हा सल्ला सहा माणसांना लागूच होत नाही. तरी तो दिला जातो.

भर_दुपारी

एवढं घाबरवू नका हो पोराला. लोकसभेच्या वेळी, २०२४ च्या एप्रिलात, १९ आणि २६ तारखेला विदर्भात मतदान. त्याआधीचे तीन आठवडे आम्ही सकाळी सातपासून सूर्यास्तापर्यंत याच पट्ट्यांवर होतो. विमान उचलतं. रोज उचलतं. पीटी६ म्हणजे काय स्कूटरचं इंजिन आहे का टेकऑफला बंद पडायला? अशी भीती बाळगली तर चार्टरचा धंदाच बंद करावा लागेल.

आणि फ्लॅप (पंखांच्या मागच्या झडपा) अ‍ॅप्रोचवर, म्हणजे अर्धवट उघडे, ठेवून निघालं की धाव कितीतरी कमी होते. छोट्या पट्टीला सरळ उपाय आहे.

सोनेगाव_बत्तीस

फ्लॅपने धाव कमी होते, मान्य. पण इंजिन गेल्यावर तेच फ्लॅप चढाई खातात. चौदाशे मीटरवर लांबीची अडचण नसताना फ्लॅप लावणं म्हणजे जे मुबलक आहे ते वाचवायचं आणि जे कमी आहे ते उधळायचं. ९०० मीटरची पट्टी असती तर वेगळं बोललो असतो; तिथे खरं तर नकोच म्हटलं असतं.

पीटी६ क्वचितच बंद पडतं, यावर वाद नाही. पण इंजिनाव्यतिरिक्तही टॉर्क जाण्याची कारणं असतात. पक्षी आहेत. आपल्याकडे धावपट्टीच्या गवतात टिटव्या आणि वर घारी, दोन्ही बारमाही. तुम्ही रोज उचललंत ते दोन इंजिनांवर. मुद्दा त्या एका दिवसाचा आहे.

राहिला धंदा. ९०० पौंडांची मोकळीक काळीमातीने मांडलीय, ती बघा. साहेबांनी ऐनवेळी आणखी दोन कार्यकर्ते आणि पत्रकांचे गठ्ठे आणले की ती मोकळीक अर्ध्यावर येते. गठ्ठ्यांचं वजन कोणी करत नाही. कागद फार जड असतो हो.

गगनभरारी

भर_दुपारी, तुमच्यावर रोख नाही, पण "रोज उचलतं" हे मी ज्यांच्या तोंडून ऐकलंय त्यांनी आलेख शेवटचा कधी उघडला ते विचारायची सोय नसते. बी-२०० ची तापमान मर्यादासुद्धा आहे: पंचवीस हजार फुटांपर्यंत प्रमाण तापमानाच्या वर ३७ अंश. अकोल्याच्या त्या उंचीला साडेएकोणपन्नास. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४७ ला जातो तेव्हा तुम्ही मर्यादेच्या दोन-अडीच अंश अलीकडे असता. डांबरावरची हवा त्याहूनही तापलेली.

भर_दुपारी

मर्यादेचं मान्य. फ्लॅपचंही, चला, अर्धं मान्य. पण घरी निवांत बसून लिहिणं सोपं आहे. दौऱ्यात तुम्ही "एक माणूस उतरवा" म्हणता, ते तुमच्या मालकाला फोन करतात, मालक तुम्हाला. त्यावर कोणाकडे काही उपाय असेल तर सांगा, आलेख माझ्याकडेही आहेत.

सोनेगाव_बत्तीस

आहे. वाद अकोल्याच्या अ‍ॅप्रनवर (विमान उभं करायच्या जागी) घालायचाच नाही, नागपुरात आदल्या संध्याकाळी घालायचा. डिस्पॅचला (उड्डाणांची आखणी करणाऱ्यांना) लेखी पाठवायचं: दुपारी दोनला ४५ अंशांत इतकी माणसं, सकाळी सातला इतकी. दोन आकडे शेजारी ठेवायचे. सकाळी पारा तीसला असतो. तीच धावपट्टी, तोच क्यूएनएच, डेन्सिटी अल्टिट्यूड ३,४०० फूट. अठराशे फुटांचा फरक फुकट मिळतो. साहेबांच्या स्वीय सहायकाला डेन्सिटी अल्टिट्यूड कळत नाही, पण "सकाळी आठ जण, दुपारी सहा" हे त्याला लगेच कळतं आणि सभेची वेळ तोच बदलून घेतो. मला तरी याचा उपयोग झालाय.

संध्याकाळकडे ढकलू नका मात्र. दिवे नसलेल्या पट्टीवर व्हीएफआर (बाहेर पाहून करायच्या) उड्डाणाला सूर्यास्तानंतर वीस मिनिटंच मिळतात, आणि सभा वेळेवर संपल्याचं मी पाहिलेलं नाही. शिवाय तेव्हा पट्टीशेजारी भाऊंची रोही.

बिरसी_सर्किट

मध्येच तोंड घालतो. गोंदियाला प्रशिक्षक आहे, बिरसीला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली धावपट्टी, आता २,३०० मीटर, त्यामुळे तुमचं लांबीचं दुखणं आमच्याकडे नाही. आमच्याकडे सर्किटमध्ये (धावपट्टीभोवतीच्या फेऱ्यांत) शिकाऊ पोरांची डायमंड विमानं असतात, तेव्हा २०० नॉटने येऊन "नंबर वन" मागू नका, प्लीज.

पण मूळ प्रश्न वेगळाच विचारतो. एवढा एका इंजिनाचा घोळ घालता, तर मुळात एकच इंजिन असलेलं पीसी-१२ का नको? वजन ४,७४० किलो, मागे हे एवढं मालवाहू दार, स्ट्रेचर सरळ आत, कच्च्या पट्टीला सोसणारी चाकं, इंधन कितीतरी कमी. ऑस्ट्रेलियाची रॉयल फ्लाइंग डॉक्टर सेवा किंग एअरही वापरते आणि पीसी-१२ ही.

गगनभरारी

दाराबद्दल शंभर टक्के. बी-२०० च्या जिन्यावरून स्ट्रेचर तिरकं करून चढवताना चार माणसांच्या पाठी मोडतात आणि रुग्णाची सलाइनची नळी कुठे अडकेल सांगता येत नाही. त्या एका कारणासाठी मी पीसी-१२ घेईन.

पण गडचिरोलीच्या जंगलावरून रात्री एका इंजिनावर? माझं मन होत नाही. दिवसा वऱ्हाडात उतरायला वावरं आहेत, तीही जून लागेपर्यंतच. काळी माती भिजली की बैलगाडी रुतते तिथे विमान कुठलं निघतंय.

बिरसी_सर्किट

रात्रीच्या जंगलाचं पटलं. दिवसाच्या चार्टरसाठी मी माझ्या मतावर ठाम.

खारीक_बदाम

मूळ विषयापासून दूर जातोय याची कल्पना आहे, पण अमरावतीच्या बेलोऱ्याहून आता मुंबईचं विमान आहे ना? १६ एप्रिल २०२५ ला सुरू झालं तेव्हा मी बघायला गेलो होतो. तेही पंख्याचंच.

एएमई_काका

हो, एटीआर-७२. त्यासाठीच तिथली धावपट्टी १,८५० मीटरपर्यंत नेली. अकोल्याचं घोडं मात्र विस्ताराच्या जमिनीपाशी बरीच वर्षं अडलं होतं, कृषी विद्यापीठ शेजारी. त्यावर वेगळा धागा काढा, इथे काढलात तर हजार प्रतिसाद होतील आणि पंख्याची पाती राहतील बाजूला.

काळीमाती, एक सांगायचं राहिलं. इंधन भरताना बाउझरवाला (इंधनाच्या टँकरचा माणूस) लिटर सांगतो, तुमचा गेज पौंड दाखवतो. थंडीत लिटरला १.७६ पौंड धरून चालतं. ४५ अंशांत एटीएफ, म्हणजे विमानाचं इंधन, फुगतं, तेच लिटर पावणेतीन टक्क्यांनी हलकं भरतं. दोन हजार पौंडांत पन्नासेक पौंडांचा फरक, म्हणजे पाच मिनिटांचं उड्डाण. बाउझरवर घनता लिहिलेली असते, ती विचारा. आणि सांगितलेला आकडा गेजशी ताडून बघा.

काळीमाती

लिहून घेतलं काका. आमच्याकडे सरसकट १.७६ च धरतात.

सोनेगाव सर, तुमची दोन आकड्यांची युक्ती परवाच्या फेरीला वापरून बघतो, डिस्पॅचला आत्ताच मेल टाकलाय. पेन्सिलवाले कॅप्टन आहेत म्हणून बरं. काका, अजून एक विचारतो: धुळीच्या पट्ट्यांवर एवढं जाणं होत असेल तर कॉम्प्रेसर वॉश (इंजिनाची आतून धुलाई) कधी मागायचा? आमचे लोक वेळापत्रकाच्या तारखेलाच करतात.

एएमई_काका

तारखेची वाट बघायची नाही. एकाच उंचीला, एकाच टॉर्कला आयटीटी आणि एन-वन दर उड्डाणात टिपून ठेवा, दोन्ही इंजिनांचं वेगवेगळं. तेवढाच टॉर्क द्यायला आयटीटी हळूहळू वर सरकतेय असं दिसलं की मागा वॉश. नुसती धूळ असेल तर पाण्याने भागतं, पाती चिकट झाली असतील तर रसायनाचा. इंजिन पूर्ण गार झाल्याशिवाय पाणी मारू द्यायचं नाही, आणि वॉशच्या वेळीही स्टार्टरच्या त्याच चाळीस-साठच्या मर्यादा पाळायच्या. मुलं तिथे हमखास विसरतात. वॉश करूनही आयटीटी उतरली नाही तर बोअरस्कोप (आत घालून बघायची दुर्बीण) घालून पहिल्या टप्प्याच्या पात्यांच्या कडा बघायला सांगा. हॉट सेक्शनची (गरम भागाची) तपासणी १,८०० तासांना आणि ओव्हरहॉल ३,६०० ला, हे आकडे स्वच्छ हवेतल्या लोकांसाठी आहेत असं समजून चाला.

आयटीटीचे आकडे इथेच टाका हवं तर. मी बघून सांगतो.